फौजदाराची भिंत

९ फेब्रुवारी

लिहायचं लिहायचं म्हणत बारा दिवस टाळलं. वही उशाखाली, पेन कानावर, आणि मी भलतीकडेच! काल अगदी बसले होते, तर समोरच्या दुकानाची पाटी रंगवायला एकजण शिडीवर चढला. अक्षरं कशी काढतो ते बघण्यात तास गेला. शेवटचं अक्षर मावेना, मग त्याने ते चेपून बसवलं. मालकाने खालून शिव्या घातल्या. मजा आली.

आज लिहिते, कारण आज आत्याने मुदत दिली.

लाँड्रीत धुतलेल्या दवाखान्याच्या चादरीवर केस निघाला. पांढऱ्याशुभ्र चादरीवर काळा. आत्याने तो चिमटीत धरून माझ्या नाकासमोर आणला. "हा कुणाचा गं? माझे तर पांढरे झाले, तुझे हातभर लांब. काकांना टक्कल."

केस माझ्या मांजरीचा, चिमटीचा. चिमटी सगळी पांढरी, पण शेपूट तेवढी कोळशासारखी. गेल्या गावी फोटो स्टुडिओत काम करत होते तेव्हा मागच्या जिन्यात सापडली. तेव्हा कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढीच होती, म्हणून चिमटी. आता आठ महिन्यांची आहे. पिशवीत घालून इथे आणली. "चार दिवस राहते," असं आत्याला म्हणाले होते.

आत्या म्हणाली, "लाँड्री आहे ही, धर्मशाळा नाही. एक महिना देते. अंगणात राहायला शिकलं तर राहू दे मेलं, उंदीर तरी धरील. नाही शिकलं तर पोत्यात घालून टेम्पोतून लांब सोडायचं. आणि सोडायचं तू, मी नाही."

१० फेब्रुवारी

अंगणाचा प्रश्न असा आहे की अंगण आधीच भरलंय.

उत्तरेच्या भिंतीवर एक बोका बसतो. राखाडी, एक कान अर्धा, मान बैलासारखी. काका त्याला फौजदार म्हणतात. काका म्हणजे इस्त्रीवाले काका, नात्यातले नव्हेत, आत्याकडे वीस वर्षं इस्त्री करतात. पत्र्यावर दोन मांजरी असतात. एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसतात आणि दिवसभर गुरगुरतात. त्या दोघी जावा. हे नाव मी ठेवलं. आत्या हसली नाही, पण ओठ हलले.

चिमटीला खिडकीत धरून दाखवलं. फौजदाराने नुसती मान वळवली. चिमटी माझ्या खांद्यावरून थेट पाठीवर गेली. पाठीवर पाच ओरखडे!

११ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वाटेत एक माणूस कुलपं दुरुस्त करत होता, तिथे थांबले, त्याने एक कुलूप केसांच्या आकड्याने उघडून दाखवलं. त्यामुळे उशीर. बाई म्हणाल्या, "वेळ दिली होती ती सकाळची." मी म्हटलं, सॉरी.

बाई कडक आहेत पण नीट सांगतात. ऑपरेशन झालंय, लस झालीय, ते बरं म्हणाल्या. मग बोटांवर मोजत: अजून आठवडाभर आतच. मग दिवसा सोडायचं, संध्याकाळी अजिबात नाही, तेव्हा बोके फिरतात. जेवायच्या आधी सोडायचं, भुकेली असली की हाकेला येते. आधी दहा मिनिटं, मग वीस. एकच दार वापरायचं. लपायला खोकं ठेवायचं. डबा वाजवून बोलवायचं, नेहमी तोच डबा.

"आणि वासाची ओळख करून द्या. मांजर मांजराला डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखतं. एक फडकं हिच्या अंगावर घासून बाहेर टांगा. त्यांच्या अंगावरचं फडकं हिच्या अंथरुणात ठेवा. रोज."

माणसांचंही असं असतं तर? आत्याने आधी माझं फडकं हुंगलं असतं तर मला दारातच उभं केलं असतं.

१४ फेब्रुवारी

फडक्यांचं काम चालू. फौजदाराचं फडकं काकांनी आणून दिलं. दुपारी काकांच्या खिडकीखाली तो येतो, पायाला अंग घासतो, काका त्याला डब्यातलं माशाचं डोकं देतात. भिंतीवर एवढा रुबाब, आणि काकांपुढे चक्क लोळतो!

"तुमचा आहे का?" मी विचारलं.

"कुणाचा नाही. पण माझ्या इस्त्रीच्या खोलीत एक उंदीर दाखव."

१५ फेब्रुवारी

सत्यानाश! टांगलेली तिन्ही फडकी गायब. शोधली तर दोरीवर, स्वच्छ, चौकोनी घडी पडलेली. आत्याने उकळत्या पाण्यात टाकली होती. "मळकं चिरगूट माझ्या दारावर? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

समजावलं. ती म्हणते, "वास म्हणजे ओळख? इथे आम्ही पोटासाठी वास काढतो."

परत पहिल्यापासून.

२० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा. साडेअकरा वाजता, भुकेली, मागचं दार. मी पायरीवर बसले. चिमटी उंबऱ्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर. चार मिनिटं तशीच. मग एक पाय. मग एकदम पोट जमिनीला टेकवून बॉयलरपर्यंत!

जावांनी मान वर केली. थोरली फुसकारली. फौजदार उतरला. तो आला, तीन हातांवर थांबला, हवा हुंगली. एवढंच. मग पाठ करून बसला आणि पाय चाटायला लागला. म्हणजे — ठाऊक आहेस तू मला.

डबा वाजवला. चिमटी बाणासारखी आत.

काका टाळी वाजवून म्हणाले, "पास झाली." आत्या चादर झटकत म्हणाली, "ही पास झाली. आमचं रत्न बारावीत दोनदा बसलं."

२३ फेब्रुवारी

वीस मिनिटं.

२५ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं. धाकट्या जावेने तिच्या खोक्यात तोंड घालून बघितलं, मारलं नाही. फौजदाराच्या सावलीत चिमटी झोपली — सावलीत! तो भिंतीवर, ती खाली.

मुलूख सोडून जायला मी मोकळी होणार बहुतेक. समुद्राकडे एक ओळखीची मुलगी आहे, ती म्हणते तिथे बोटींना रंग द्यायचं काम मिळतं. बोटींना रंग! इथे कुठे सुरकुत्या मोजत बसू. काकांना सांगितलं. ते इस्त्री न थांबवता म्हणाले, "मग मांजर?" मी म्हटलं, "तिची सोय झाली की." ते म्हणाले, "तुला मांजराची सोय नाही लावायची पोरी. तुला मोकळं व्हायचंय."

खरं आहे. पण तोंडावर कशाला बोलायचं?

२६ फेब्रुवारी

सगळं लिहिते, कारण कुणाला सांगणार नाहीये.

सकाळी दारावर नजर ठेवायचं सोडून मी टेम्पोवाल्याशी बोलत बसले. त्याच्या हातावर होडी गोंदवलीय, तिची गोष्ट सांगत होता. आत आले तर चिमटी निळीच्या टबात! पडली की उडी मारली, देव जाणे. बाहेर ओढली तेव्हा कानापासून पोटापर्यंत निळी. वर घड्या घालायच्या पाटावर चार निळी पावलं, आणि पुढे हॉटेलचे टॉवेल.

आत्या यायच्या आत सगळं पुसायला हवं होतं. मी पाट घासला. टॉवेल बाजूला केले. आणि चिमटीला बादलीत धरून धुतलं. साबण लावून, दोनदा. ती अशी ओरडली की जावा पळाल्या. नीळ बरीच निघाली. शेवटी हॉटेलच्या टॉवेलांना देतात ते गुलाबाच्या वासाचं पाणीही दिलं — का दिलं? हात सवयीनेच गेला. इथे शेवटचं पाणी तेच असतं. मग ड्रायरसमोर धरून वाळवली. कापसासारखी फुलली. खुशीत मीच म्हटलं, चल, उन्हात बस.

दार उघडलं. फौजदार नेहमीसारखा उतरला. तीन हातांवर थांबला. हुंगलं. परत हुंगलं.

पुढचं फार पटकन झालं. चिमटी पळालीसुद्धा नाही. तिला वाटलं ओळखीचाच आहे. त्याने तिला उताणी पाडली आणि मागच्या पायात दात रोवले. थोरली जाऊ पत्र्यावरून उतरून आली, तिने कान फाडला. मी झाडू घेऊन धावले तेव्हा अंगणात पांढऱ्या केसांचे पुंजके उडत होते आणि सगळीकडे गुलाबाचा वास.

२६ फेब्रुवारी, दुपारी

सात टाके. डॉक्टरीणबाई टाके घालताना एकदम थांबल्या. चिमटीच्या पाठीला नाक लावलं. "हिला आंघोळ कुणी घातली?"

मी टाके मोजत बसले.

"तुम्ही तिची ओळख धुऊन टाकलीत. त्यांच्या दृष्टीने ही परकी मांजर आली, तीही सगळ्या अंगणाला वास मारत. मांजर धुऊ नका हेही मी सांगायचं होतं का? आजवर कुणी धुतलेलं नाही."

घरी आले तर आत्या दारात. चिमटीच्या पट्ट्या बघितल्या, निळसर पोट बघितलं. सगळं कळलं तिला. "धुऊन आणलंस होय? आता इस्त्रीही फिरव."

काका हसले नाहीत. मीच हसले. का हसले? मला अजून त्याची किळस येतेय.

२८ फेब्रुवारी

चिमटी कपाटाखाली. खात नाही. मी हात घातला तर चावली.

आत्या म्हणते, "मुदत नऊ तारखेला संपते. लंगडं मांजर अंगणात राहायचं नाही. पोतं धुऊन ठेवते."

बाई म्हणाल्या होत्या, टाके सुकले की तीन आठवडे परत फडक्यांपासून सुरुवात करा, पुन्हा ओळख होईल. तीन आठवडे! माझ्याकडे दहा दिवस आहेत. आणि बोटींचं काम पंधराला सुरू होतंय.

चूक माझी, हे मला नीट माहीत आहे. हे इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर कुणी — मीच — म्हणायला नको की माहीत नव्हतं. पण मी भिंतीवर बघते, तो बसलेला असतो, पाय चाटत, आणि माझ्या अंगाची लाही होते. चूक दिसत नाही. तो दिसतो.

३ मार्च

केलं.

टेम्पो मंगळवारी लांबच्या दवाखान्याचे कपडे घेऊन जातो. पाऊण तास जाणं, पाऊण तास येणं. काका मंगळवारी सकाळी डोळे तपासायला जातात. मी त्यांच्या खिडकीखाली गेले, काकांच्याच डब्यातलं माशाचं डोकं काढून ठेवलं, आणि काकांसारखीच जिभेने टकटक केली. तो आला. माझ्या पायाला अंग घासलं! मी मळक्या चादरींचं पोतं त्याच्यावर टाकलं आणि तोंडाला दोरी आवळली.

पहिल्यांदा पोतं नुसतं नाचत होतं. मग ओरडणं — बोक्याचं ओरडणं नव्हे, पिल्लाचं. टेम्पोवाला दोनदा वळून म्हणाला, "मेलाबिला तर घाण होईल." मग आवाज बंद झाला. ते जास्त वाईट. मी बाहेर बघत राहिले. रस्त्याकडेला एका माणसाने खुर्च्यांचा डोंगर सायकलवर बांधला होता, पस्तीस तरी असतील. मी मोजल्या. शपथ, मोजल्या.

बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी उतरलो. दोरी सोडली. मला वाटलं बाण सुटल्यासारखा पळेल. नाही पळाला. हळू बाहेर आला, अंग झटकलं, इकडेतिकडे बघितलं, आणि येऊन टेम्पोच्या चाकाशी बसला. सावलीत. पाय चाटायला लागला.

टेम्पोवाला म्हणाला, "माणसाळलेला आहे हा. कुणीतरी खाऊ घालतं ह्याला."

मी म्हटलं, "सुरू कर."

"चाकाखाली येईल की."

मग मी विटेचा तुकडा उचलून मारला. पहिला चुकला. तो उठला पण गेला नाही, माझ्याकडे बघत राहिला, जणू मी भलत्याच कुणाला मारतेय. दुसरा बरगडीत बसला.

तेव्हा गेला.

४ मार्च

काकांनी दुपारी माशाचं डोकं ठेवलं. टकटक केली. वाट बघितली. पुन्हा टकटक.

"आज साहेब कुठे राहिले?" म्हणाले.

५ मार्च

डोक्याला मुंग्या लागल्या. काकांनी ते उचलून नवं ठेवलं.

६ मार्च

काका म्हणाले, "पोरी, तुझे पाय चालते आहेत. जरा चौकापर्यंत बघून येतेस? गाडीखालीबिडी आला असेल. माझे डोळे हे असे."

गेले. काय करणार, नाही कसं म्हणायचं? चौकात रोड रोलर नवा रस्ता दाबत होता. ते बघत उभी राहिले. गरम डांबरावर एकाची चप्पल चिकटली, तो एका पायावर उड्या मारत होता, सगळे हसत होते, मीही. तासाभराने परत आले. "सगळीकडे बघितलं काका. हाकासुद्धा मारल्या."

"काय म्हणून हाक मारलीस?"

"फौजदार, फौजदार."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्याला नाव कळत नाही गं. पण चांगलं केलंस."

७ मार्च

चिमटी कपाटाखालून निघाली! आता तिला परत स्वतःचा वास आलाय, गोधडीचा आणि माझा. दार उघडं ठेवलं. भिंत मोकळी बघून तिने एवढा वेळ हवा हुंगली की मला जांभई आली. मग बाहेर. लंगडत, पण बाहेर. जावा फुसकारल्या आणि वर गेल्या. मुख्य माणूसच नाही म्हटल्यावर त्यांचाही जोर ओसरला.

९ मार्च

मुदत संपली. आत्या कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली. चिमटी बॉयलरशेजारी उन्हात पसरलेली, तोंडाजवळ मेलेल्या उंदराची शेपूट. फक्त शेपूट. आत्या बराच वेळ बघत होती.

"राहू दे," म्हणाली. मग दारातून वळून, "एक मांजर तरी आमच्या घराण्यात पोटापुरतं कमवायला लागलं."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्याही. काका आतून म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. इस्त्रीचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला.

११ मार्च

चिमटी आता दुपारभर बाहेर असते. आज चार वाजेपर्यंत. डबा वाजवला तरी येत नाही, निवांत बघते. भिंतीवरही चढली. त्याच्या जागेवर, अगदी त्याच विटेवर बसली, इवलीशी! मला खूप हसू आलं.

काकांनी अजून एक डोकं ठेवलं. मला वाटलं सांगावं. म्हणजे तो मेला नाही, लांब आहे, एवढं तरी. मग वाटलं, लांब कुठे, असं विचारतील. मग कोणी नेला, असं विचारतील. राहू दे. माणसं विसरतात.

१३ मार्च

उद्याची गाडी पाचची. पिशवी भरली. यावेळी पिशवी हलकी लागतेय, आत कुणी खाजवत नाही. आत्याने दोन चादरी दिल्या, गिऱ्हाइकाने सोडून दिलेल्या, कडक इस्त्री केलेल्या. "परत येशील तेव्हा धुऊन आण," म्हणाली. तिच्या भाषेत हे प्रेम असावं.

चिमटीला सांगितलं, मी जाते, तुझं अंगण तुला. तिने कान वळवला. फाटलेला.

१४ मार्च, दुपारी चार वाजता

पिशवी खांद्याला लावून दारात आले तर उत्तरेच्या भिंतीवर तिघे.

बोके. कधी न बघितलेले. एक काळा, दोन पिवळट, तिन्ही फौजदाराहून दांडगे. जावा पत्र्यावर नाहीत, कुठेच नाहीत. काका इस्त्री हातात तशीच धरून बाहेर आलेत. मला म्हणाले, "मासळीबाजारातले आहेत हे. तो होता तोवर ह्यांनी इकडे कधी तोंड दाखवलं नव्हतं. एकटा अडवायचा."

मधला उतरतोय.

चिमटी बॉयलरमागे झोपलीय, माझ्यापासून वीस पावलांवर. त्याच्यापासून पाच.